संलग्नता कोणाची, बांधिलकी कोणाची? : शहापूर-मुरबाडमधील आशा स्वयंसेविकांच्या संदर्भात ‘कर्मचारी संलग्नता’ या संकल्पनेची चिकित्सा

सारांश

‘कर्मचारी संलग्नता’ ही व्यवस्थापनशास्त्रातील संकल्पना गेल्या तीन दशकांत उद्योग, बँका, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांच्या व्यवहारात रूढ झाली आहे. कर्मचाऱ्याने कामात मन, बुद्धी आणि शरीर यांसह गुंतावे आणि व्यवस्थापनाने त्यासाठी अनुकूल परिस्थिती निर्माण करावी, असा तिचा आशय आहे. प्रस्तुत लेखात ही संकल्पना ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील, विशेषतः शहापूर व मुरबाड तालुक्यांतील, आशा स्वयंसेविकांच्या कार्यजीवनाच्या कसोटीवर तपासली आहे. ज्यांना ‘कर्मचारी’ हा दर्जाच नाही त्यांच्या संलग्नतेवर एक सार्वजनिक यंत्रणा चालते, ही विसंगती संकल्पनेची मर्यादा दाखवून देते. संलग्नता हा गुण केवळ कर्मचाऱ्याच्या मनात शोधणे अपुरे असून, संस्थेची कर्मचाऱ्याप्रती असलेली बांधिलकी हा तिचा अविभाज्य अर्धा भाग आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कर्मचारी संलग्नता, मोबदला, मानधन, आशा स्वयंसेविका, कार्यजीवन, सेवाभाव.

१. प्रस्तावना

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमात ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ या संज्ञेसाठी मराठीत ‘कर्मचारी सहभाग’, ‘कर्मचारी संलग्नता’, ‘कार्यनिष्ठा’ असे विविध प्रतिशब्द वापरले जातात. एकही प्रतिशब्द पूर्णपणे रुळलेला नाही. मात्र ‘एंगेजमेंट’ हा मूळ शब्द मराठी घराघरांत वेगळ्या अर्थाने परिचित आहे. तो अर्थ साखरपुड्याचा. साखरपुड्यात दोन्ही पक्ष वचन देतात आणि दोन्ही पक्ष बांधले जातात. एकाच बाजूने साखर वाटली तर त्याला साखरपुडा म्हणत नाहीत. व्यवस्थापनशास्त्रातील संज्ञेचा व्यवहार मात्र बहुधा एकतर्फी राहिला आहे. कर्मचारी किती संलग्न आहे याची मोजणी दरवर्षी होते. संस्था कर्मचाऱ्याशी किती संलग्न आहे याची मोजणी क्वचितच होते.

ही एकतर्फी मांडणी मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत फारशी खुपत नाही, कारण तेथे नियुक्तिपत्र, वेतनश्रेणी, भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि बढती यांचा आधार गृहीत असतो. हा आधार जेथे नाही तेथे संकल्पनेचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण कारखान्यातील नाही. मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रात आणि भिवंडीपासून वासिंद-आसनगावच्या दिशेने पसरलेल्या गोदामांच्या पट्ट्यात कंत्राटी कामगारांचा प्रश्न आहेच. परंतु संलग्नता, व्यवस्थापन, मोबदला आणि कार्यजीवन या चारही घटकांचा गुंता सर्वांत ठळकपणे दिसतो तो पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आशा स्वयंसेविकेच्या कामात.

२. संकल्पनेची जडणघडण

कामगाराच्या मनाचा विचार व्यवस्थापनाने करावा ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनंतर मानवी संबंधांचा विचार रुजला. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये समाधान देणारे घटक आणि असमाधान टाळणारे घटक यांत भेद केला. ‘संलग्नता’ या संज्ञेला आजचा शास्त्रीय आशय मिळाला तो विल्यम कान यांच्या १९९० च्या निबंधामुळे. माणूस आपल्या कामाच्या भूमिकेत स्वतःला कधी ओततो आणि कधी आखडून घेतो, असा कान यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर देताना त्यांनी तीन अटी सांगितल्या : कामाची अर्थपूर्णता, स्वतःला व्यक्त करण्यातील सुरक्षितता आणि त्यासाठी लागणाऱ्या शारीरिक व मानसिक बळाची उपलब्धता. पुढे २००२ मध्ये विल्मार शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्साह, समर्पण आणि तल्लीनता या तीन लक्षणांद्वारे संलग्नतेचे मोजमाप सुचविले. गॅलप या संस्थेची बारा विधानांची प्रश्नावली तर उद्योगजगतात सर्वत्र पोहोचली.

येथे दोन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली अशी की, कान यांनी आपला अभ्यास उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि वास्तुरचनाकारांची एक कंपनी यांच्या आधारे केला होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कान यांच्या तीनही अटी परिस्थितीविषयी आहेत, तर नंतरच्या मोजमापांचा रोख मनःस्थितीकडे वळला. परिस्थिती सुधारण्याची जबाबदारी संस्थेवर येते. मनःस्थिती सुधारण्याची जबाबदारी हळूहळू कर्मचाऱ्यावर सरकते. प्रशिक्षण-शिबिरे, प्रेरणादायी व्याख्याने आणि ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ अशी प्रशस्तिपत्रे ही या सरकण्याची परिचित रूपे होत.

याच्या समांतर, परंतु अभ्यासक्रमात कमी वाचली जाणारी, मांडणी जर्मन समाजवैद्यकशास्त्रज्ञ योहान्नेस सीग्रिस्ट यांची आहे. १९९६ मध्ये मांडलेल्या त्यांच्या प्रतिमानानुसार श्रम आणि प्रतिफल यांतील असमतोल हा आरोग्याला घातक ठरतो. प्रतिफलाचे त्यांनी तीन भाग केले : पैसा, मान आणि नोकरीची सुरक्षितता व प्रगती. हा असमतोल अतिबांधिलकी असलेल्या माणसाला अधिक बाधतो, असेही त्यांनी दाखविले. म्हणजे संलग्नतेचे शास्त्र ज्या गुणाला आदर्श मानते, तोच गुण योग्य प्रतिफलाअभावी माणसाला आतून झिजवितो. प्रस्तुत विवेचनासाठी सीग्रिस्ट यांची ही जोड निर्णायक आहे.

३. क्षेत्र आणि काम

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण आणि आदिवासी चेहरा प्रामुख्याने शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत उरला. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. मुरबाडमधील ७७ गावे या क्षेत्रात समाविष्ट आहेत. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी या समाजांची वस्ती गावठाणापासून दूर असलेल्या पाड्यांवर आणि वाड्यांवर विखुरलेली आहे. मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या पाड्यांवरून गरोदर स्त्रीला झोळीतून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या या दोन्ही तालुक्यांतून वारंवार येत राहिल्या आहेत.

या भूगोलात सार्वजनिक आरोग्ययंत्रणेचे शेवटचे टोक म्हणजे आशा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना सुरू झाली. साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक, आणि आदिवासी भागात वस्तीनुसार, त्याच गावात राहणारी विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्री या कामासाठी निवडावी असे ठरले. गरोदर स्त्रीची नोंद, तपासण्या, प्रसूतीसाठी रुग्णालयात सोबत, नवजात बालकाच्या घरभेटी, लसीकरण, क्षयरुग्णाला औषधे, कुष्ठरोग व हिवतापाचे सर्वेक्षण अशी कामांची यादी वाढत गेली. मूळ मार्गदर्शक सूचनांत हे काम दिवसातील दोन-तीन तासांचे आणि उपजीविकेत अडथळा न आणणारे असे कल्पिले होते. मात्र प्रसूतीच्या कळा घड्याळ पाहून येत नाहीत, आणि साथरोग सुटीच्या दिवशी थांबत नाही. कोविडकाळात, १५ सप्टेंबर २०२० पासून राबविलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी जाऊन तापमान आणि ऑक्सिजनची पातळी नोंदविण्याचा मोठा भार आशांनीच उचलला.

नावाचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘आशा’ हे ज्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे, त्याचा अर्थ ‘मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती’ असा होतो. महाराष्ट्राच्या शासकीय व्यवहारात मात्र ‘आशा स्वयंसेविका’ हा शब्द रूढ झाला. एका नावात ती चळवळीची कार्यकर्ती आहे, दुसऱ्यात स्वेच्छेने सेवा करणारी. ‘कामगार’ किंवा ‘कर्मचारी’ हे शब्द दोन्ही नावांत नाहीत. तिला मिळते त्या रकमेलाही ‘वेतन’ म्हटले जात नाही. ते ‘मानधन’ किंवा ‘कामावर आधारित मोबदला’ असते.

४. मोबदल्याचे गणित

आशेच्या मोबदल्याची मूळ रचना कामागणिक दराची आहे. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील एका प्रसूतीमागे ६०० रुपये. त्यांपैकी ३०० प्रसूतिपूर्व सेवांसाठी आणि ३०० संस्थेतील प्रसूतीसाठी. नवजात बालकाच्या गृहभेटींसाठी २५० रुपये. रुग्णालयात प्रसूती झाल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. म्हणजे एका भेटीचे साधारण ४२ रुपये. घर शेजारच्या आळीत असो वा ओढ्यापलीकडच्या पाड्यावर, दर एकच.

ही रचना ‘कामगिरीनुसार प्रतिफल’ या व्यवस्थापकीय तत्त्वाशी सुसंगत वाटते. प्रत्यक्षात ती कामगिरी आणि परिणाम यांत गल्लत करते. २०११ मधील नवजात बालक सेवेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार २५० रुपये देण्याच्या अटींत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत माता व बालक सुखरूप असणे ही एक अट होती. बालक अशक्त असेल तर आशेचे श्रम आणि तिची चिंता दोन्ही वाढतात. बालक दगावले तर या अटीनुसार प्रतिफल शून्य. जेथे संलग्नता सर्वाधिक, नेमके तेथेच मोबदला सर्वाधिक अनिश्चित, असे हे व्यस्त गणित आहे.

स्थलांतर या गणिताला आणखी एक पेच घालते. एक वर्षाच्या आत बालकाचे लसीकरण पूर्ण झाल्यास ठराविक रक्कम मिळते. परंतु कातकरी कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर गेले की लसीकरणाची साखळी तुटण्याचा धोका उभा राहतो. आशेने सहा महिने पाठपुरावा केलेला असतो, आणि पूर्ततेची नोंद मात्र दुसऱ्या तालुक्यात होते किंवा होतच नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीतही अशीच आहे. सासरच्या गावातील आशेने नोंदणी आणि तपासण्या करून घेतल्या, तरी प्रसूती माहेरच्या गावातील आशेच्या खाती पडते. रीतीरिवाज, हंगाम आणि उपजीविका यांनी बांधलेल्या समाजजीवनाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला दर लावला, की तुकड्यांमधील काम अदृश्य होते. गैरसमज दूर करणे, सासूला समजावणे, रात्री वाहनासाठी फोन फिरवणे, घाबरलेल्या पहिलटकरणीजवळ बसून राहणे, या कामांना दर नाही. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये ज्याला भावनिक श्रम म्हटले, त्याचे हे ग्रामीण रूप होय.

निश्चित रकमेचा भाग काळानुसार वाढत गेला, हेही नमूद करावयास हवे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये नियमित कामांसाठीची मासिक रक्कम १००० वरून २००० रुपये केली आणि २०२५ मध्ये ती ३५०० रुपये केली. राज्य शासनाने जून २०२१ मधील संपानंतर १००० रुपयांची वाढ व ५०० रुपये कोविड भत्ता दिला, आणि मार्च २०२४ मध्ये दरमहा ५००० रुपयांची वाढ मंजूर केली. राज्याच्या या दोन्ही वाढी आंदोलनानंतरच्या आहेत, हा योगायोग नाही.

सीग्रिस्ट यांच्या तीन प्रतिफलांच्या दृष्टीने पाहता चित्र स्पष्ट होते. मान विपुल आहे : मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार देऊन गौरविले. पैसा अल्प, तुकड्यातुकड्यांत आणि वेळेवर मिळण्याची खात्री नसलेला. सुरक्षितता व प्रगती जवळजवळ नाहीच. मानाने पैशाची आणि पैशाच्या अभिवचनाने सुरक्षिततेची जागा भरून काढण्याचा हा व्यवहार आहे.

५. व्यवस्थापन : वरिष्ठ अनेक, नियोक्ता कोणीच नाही

गॅलपच्या प्रश्नावलीचा गाभा कर्मचारी आणि त्याचा निकटचा वरिष्ठ यांच्या नात्यात आहे. आशेला असा वरिष्ठ शोधू गेल्यास अनेक सापडतात. गटप्रवर्तक, उपकेंद्रातील परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायत हे सर्व तिला काम सांगू शकतात. हजेरी, अहवाल, मोबाइलमधील नोंदी आणि बैठका यांची सक्ती कर्मचाऱ्यासारखी. रजा, निवृत्तिवेतन आणि उपदान यांबाबतचे उत्तर मात्र स्वयंसेविकेसारखे. काम सांगताना ती यंत्रणेची आणि हक्क मागताना ती गावाची, असा हा दुहेरी हिशेब आहे.

मुरबाड किंवा आसनगावच्या परिसरातील कंत्राटी कामगाराची अवस्था याहून फार निराळी नाही. त्याला काम सांगतो कारखान्याचा पर्यवेक्षक आणि पगार देतो कंत्राटदार. ‘संलग्न व्हा’ म्हटल्यावर त्याने कोणाशी संलग्न व्हावे? कंपन्यांची संलग्नता-सर्वेक्षणे सामान्यतः स्वतःच्या पटावरील कर्मचाऱ्यांपुरती असतात. जो पटावर नाही त्याचे मन मोजलेही जात नाही. कान यांची ‘सुरक्षितता’ मानसिक आहे, हे खरे. तथापि १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना यंत्रणा कोसळून २० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या शब्दाचा मूळ, शारीरिक अर्थ या भागाने अनुभवला. तो अर्थ ओलांडून केवळ मनाच्या सुरक्षिततेविषयी बोलणे या परिसरात तरी शोभणारे नाही.

कान यांची तिसरी अट, ‘उपलब्धता’, आशेच्या संदर्भात विशेष बोलकी आहे. आशा त्याच गावची सून असते. उन्हाळ्यात तिलाही पाण्याची खेप करावी लागते, पावसाळ्यात तिच्याही शेतात भाताची लावणी असते, तिच्याही घरी लहान मुले असतात. गावातलीच असणे हे तिचे बलस्थान म्हणून योजनेने निवडले. परंतु त्यामुळे तिचे घर आणि काम यांच्यातील सीमारेषा पुसली गेली, याची किंमत योजनेने धरली नाही.

६. सेवाभावाचा युक्तिवाद

आशांना नियमित कर्मचारी करू नये, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद गंभीरपणे विचारात घेणे आवश्यक आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला मानसशास्त्रीय : बाह्य मोबदल्याने आंतरिक प्रेरणा क्षीण होते. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ मधील प्रयोगांचा यासाठी आधार घेतला जातो. परंतु ते प्रयोग कोडी सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांवर झाले होते. कोडे हे त्यांचे चरितार्थाचे साधन नव्हते. शिवाय त्या प्रयोगांचा रोख कामगिरीला जोडलेल्या बक्षिसाकडे आहे. नियमित वेतनाकडे नाही. तेव्हा डेसी यांचा निष्कर्ष लावायचाच असेल तर तो आशांच्या प्रत्येक कामाला चिकटविलेल्या दरपत्रकाविरुद्ध जातो, निश्चित वेतनाविरुद्ध नव्हे.

दुसरा भाग अनुभवाचा आहे, आणि तो महाराष्ट्राचाच आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात गावातील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाली. हे यश सरकारी नोकरीविना मिळाले, मग आशांना ती कशासाठी, असा प्रश्न केला जातो.

या प्रश्नात एक पायरी गाळलेली आहे. जामखेडमध्ये कार्यकर्त्या दर आठवड्याला एकत्र येत, शिकत, आपले अनुभव मांडत. त्यांच्या अनुभवाने कार्यक्रमाची दिशा बदलत असे. म्हणजे संस्थेची त्यांच्याशी बांधिलकी निकटची आणि रोजची होती. गडचिरोलीतही प्रशिक्षण, साहाय्यक पर्यवेक्षण आणि विश्वास यांची जोड होती. शासनाने हे प्रतिमान देशभरात, सुमारे दहा लाख स्त्रियांपर्यंत नेले तेव्हा स्वयंसेवेचा आकार घेतला. त्यामागील नाते घेता आले नाही. लहान संस्थेत नात्याने जे संरक्षण मिळते, ते विशाल यंत्रणेत केवळ हक्काने मिळू शकते. नातेही नाही आणि हक्कही नाही, अशी मधली अवस्था सेवाभावाच्या नावाने टिकविणे असमर्थनीय ठरते.

गावगाड्याचा इतिहास येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. बलुतेदारालाही रोख वेतन नव्हते. त्याला पिकाचा वाटा मिळे. ती व्यवस्था जातिबद्ध आणि विषम होती, तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि बलुते हा हक्क होता. खळ्यावर जाऊन तो मागता येत असे. याच जिल्ह्याच्या तत्कालीन हद्दीतील तलासरी-डहाणू भागात वेठबिगारीविरुद्ध १९४५ पासून वारल्यांनी जो लढा दिला, त्याचा वृत्तांत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात आला आहे. आशेचे काम वेठ नव्हे. ते तिने स्वेच्छेने पत्करलेले आहे आणि पुष्कळ जणींना त्याने घराबाहेरची ओळख, प्रतिष्ठा आणि आत्मविश्वास दिला आहे. तरीही मोजमाप नसलेले काम आणि हक्क नसलेला मोबदला यांविषयी या जिल्ह्याची स्मृती सावध असणे स्वाभाविक आहे.

७. संप : असंलग्नता की संलग्नता?

१८ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातील आशा व गटप्रवर्तकांनी संप केला. आश्वासनानंतर तो मागे घेण्यात आला. शासन निर्णय न निघाल्याने १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप सुरू झाला. फेब्रुवारीत आशांनी शहापूरहून ठाण्यापर्यंत, सुमारे ५० किलोमीटर, पायी मोर्चा काढला आणि पुढे मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडले. मार्चमध्ये वाढ मंजूर झाली.

संलग्नतेच्या प्रचलित मोजपट्टीवर हा संप म्हणजे असंलग्नतेचा पुरावा ठरतो. अल्बर्ट हर्शमन यांची १९७० मधील मांडणी मात्र वेगळे सांगते. असमाधानी माणसापुढे निघून जाणे आणि आवाज उठविणे असे दोन मार्ग असतात, आणि ज्याची निष्ठा अधिक तो निघून जाण्यापूर्वी आवाज उठवितो. काम सोडून भट्टीवर, गोदामात किंवा कल्याण-ठाण्याच्या घरकामात जाणे शहापूरच्या आशेला अशक्य नव्हते. तिने ते न करता महामार्गावरून चालणे पत्करले. हे काम आपले आहे आणि ते सन्मानाने करता यावे, असा त्या चालण्याचा अर्थ होता. ज्या मोजपट्टीला हा अर्थ वाचता येत नाही ती मोजपट्टी सदोष आहे.

संपकाळात यंत्रणेची माहितीची साखळीही खिळखिळी झाली. जिला कर्मचारी मानले जात नव्हते तिच्या अनुपस्थितीत यंत्रणेचे काम अडले. २०१३ मधील ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कामगारांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा देण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू होतो असा निर्णय दिला. ‘मानधन’ या नावाने दिलेली रक्कम तिच्या स्वरूपात वेतन ठरू शकते, ही त्या निर्णयातील दिशा आशांच्या प्रश्नालाही मार्गदर्शक आहे.

८. महाविद्यालयीन व्यवहारातील प्रतिध्वनी

हा विषय आरोग्य विभागापुरता सीमित नाही. राज्यातील अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वर्षानुवर्षे अध्यापन करीत आहेत. घेतलेल्या तासाला दर आहे. तासाची तयारी, उत्तरपत्रिका, विद्यार्थ्याचे समुपदेशन, मूल्यांकन समितीच्या भेटीसाठी रात्री जागून लिहिलेले अहवाल यांना दर नाही. सुटीत तास नाहीत म्हणून मानधनही नाही. त्याच महाविद्यालयाच्या वर्गात हेच प्राध्यापक ‘कर्मचारी संलग्नता’ हे प्रकरण शिकवितात. गुणवत्ता हमी कक्षाच्या समाधान-प्रश्नावलीत त्यांचा समावेश केला तर कोणती उत्तरे येतील, आणि समावेश केला नाही तर ती प्रश्नावली कोणाचे समाधान मोजते, हे दोन्ही प्रश्न अध्यापकवर्गाने स्वतःला विचारणे उचित ठरेल. आशेची स्थिती आणि तासिका प्राध्यापकाची स्थिती एकसारखी नाही. परंतु दोहोंमागील हिशेब एकाच वहीतला आहे. मोजता येईल तेवढ्याचे पैसे द्यावेत आणि उरलेले निष्ठेच्या खाती मांडावे, असा तो हिशेब आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) कर्मचारी संलग्नता ही संकल्पना त्याज्य नाही. काम अर्थपूर्ण असावे ही मागणी न्याय्य आहे आणि आशांच्या कामात अर्थपूर्णता निःसंशय आहे. परंतु अर्थपूर्णतेचा उपयोग उरलेल्या दोन अटींना पर्याय म्हणून होऊ लागतो तेव्हा संकल्पनेचा विपर्यास होतो.

(२) संलग्नतेचे प्रत्येक मोजमाप दुहेरी असावे. कर्मचाऱ्याच्या उत्साहाबरोबर संस्थेने दिलेली नियुक्तीची निश्चिती, मोबदल्याची नियमितता, प्रवासाचा खर्च, रजा, सुरक्षा आणि तक्रारनिवारण यांचीही नोंद त्याच तक्त्यात व्हावी.

(३) परिणामावर आधारित दरपत्रक स्थलांतरित, विखुरलेल्या आणि दुर्गम वस्तीत सर्वांत कष्टाच्या कामाला सर्वांत कमी प्रतिफल देते. अशा क्षेत्रात निश्चित वेतनाचा भाग प्रमुख आणि कामागणिक भाग गौण असणे योग्य होय.

(४) व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत परदेशी कंपन्यांच्या उदाहरणांबरोबर जामखेड, गडचिरोली आणि शहापूर-मुरबाड येथील अनुभवांचा समावेश व्हावा. विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरातच एखादी आशा, अंगणवाडी सेविका किंवा कंत्राटी कामगार असतो. त्यांच्या कार्यजीवनाला लागू न पडणारी संकल्पना त्यांना परीक्षेपुरतीच उपयोगी पडेल.

मराठीत ‘निष्ठा’ या शब्दाला मोठे वजन आहे. ते वजन एकाच बाजूच्या खांद्यावर राहू नये, यासाठी शासन, संस्था आणि कंपनी यांनी आपल्या बाजूचे वचन लेखी, नियमित आणि मागता येईल अशा हक्काच्या रूपात देणे, ही संलग्नतेची पहिली पायरी होय. प्रश्नावलीचा क्रमांक त्यानंतर लागतो.